गोठ्याच्या मातीतला सोरा

बंदुकीच्या दारूत गंधक आणि कोळसा मिळून पाव हिस्सा असतो, उरलेला पाऊण हिस्सा सोऱ्याचा. सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे दोनशे वर्षे युरोपातल्या दारूखान्यांना लागणारा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जात असे. तिरहुत, सारण, चंपारण या भागांत तो गोठ्यांच्या आणि घरांच्या आसपासच्या मातीतून निघे. काढणारे होते नोनिया जातीचे लोक.

गुरांच्या मुतातून आणि शेणातून अमोनिया तयार होतो आणि मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. चुलीतली राख त्याला पोटॅश पुरवते आणि त्यातून सोरा बनतो. पावसाळा सरून जमीन वाळू लागली की ओलाव्याबरोबर क्षार वर चढतात आणि मातीवर पांढरी खार फुटते. हे जिवाणूंचे काम आहे, हे श्लेझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. नोनियांची कृती त्याआधी कितीतरी पिढ्या पक्की झालेली होती.

खरवडलेली माती मातीच्याच हौदात भरत. हौदाच्या तळाशी बांबू आणि त्यावर गवताची चटई असे. माती पायांनी दाबून वर पाणी सोडले की खालच्या मडक्यात तपकिरी पाणी थेंबथेंब गळे. ते आटवून थंड केले की कच्च्या सोऱ्याचे खडे धरत. पुन्हा विरघळवून, गाळून, शुद्ध केलेला तो कलमी सोरा. याच पाण्यातून खाण्याचे मीठही निघे, त्यामुळे पुढे मिठावरील कराच्या कायद्यांचा जाच या कारागिरांना सोसावा लागला.

पाटण्याला इंग्रज, डच आणि फ्रेंच तिघांच्याही वखारी होत्या. माल उचलला जाई दादनीवर, म्हणजे आगाऊ पैसे देऊन. त्या पैशाने कारागीर बांधला जाई आणि भाव ठरवण्याची ताकद त्याच्या हाती उरत नसे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, बिहारच्या सोऱ्याची मक्तेदारी क्लाइव्हने बंगालचा नवाब मीर जाफर याच्याकडून ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळवली. इंग्रजांच्या बंगालवरील सत्तेचा हा फार मोलाचा लाभ होता, पण सत्तेच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. भारतीय सोरा दुर्मीळ झालेल्या फ्रान्सने १७७५ साली दारूच्या कारभारावर लाव्हाझिएसारखा रसायनशास्त्रज्ञ नेमला आणि देशातच सोरा मिळवण्यावर भर दिला. १८६१ साली अमेरिकेशी तंटा पेटताच ब्रिटनने तिकडे जाणारा सोरा अडवून धरला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिलीतले सोडियम नायट्रेट आणि जर्मनीतले पोटॅश यांपासून सोरा स्वस्तात होऊ लागला, तशी बिहारची मागणी ओसरली. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे नायट्रेटचाच कच्चा माल, बनवणारा कारखाना सुरू झाला. अनेक नोनिया कुटुंबे तोवर माती खणण्याच्या मजुरीकडे वळलेली होती.