चौकोनाच्या आत काय असतं?

गेला आठवडाभर ऑफिसात क्यूआर कोडचंच काम चालू होतं आणि मला सारखी आठवत होती ती सेनगावच्या काकांची वही. तेव्हा मंडळी, आजचा रविवार त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाच्या नावाने.

सेनगाव म्हणजे हिंगोली जिल्हा. (१९९९ साली परभणीतून वेगळा झाला तो. पुण्यात अजूनही "म्हणजे नक्की कुठे?" विचारतात.) तिथे काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून काका प्रत्येकाला बजावतात, पावती, पिशवीचा टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. कुणाचं उगवलं नाही की वहीत नाव, गाव, लॉट नंबर लिहून घेतात.

दोन वर्षांपूर्वी मी इंजिनियरगिरी दाखवली. वहीऐवजी ऑनलाइन फॉर्म, आणि प्रत्येक पावतीवर क्यूआर कोड! पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

१९४९ साली नॉर्मन वुडलँड मायामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत मोर्सचे ठिपके आणि रेघा काढत होता. बोटांनी त्या खाली ओढल्या आणि जाड-बारीक पट्ट्या तयार झाल्या. हाच बारकोड. बर्नार्ड सिल्व्हरबरोबर त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं, पण दुकानात पहिला माल स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडला. ओहायोतलं एक सुपरमार्केट आणि च्युइंगमचं एक पाकीट!

बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावतात. जपानमध्ये डेन्सो कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या एकेका खोक्यावर बरेच बारकोड लागायचे आणि स्कॅन करता करता कामगार वैतागायचे. मासाहिरो हारा या इंजिनियरला 'गो' खेळाच्या पटावरून उभी-आडवी दोन्हीकडे माहिती भरायची कल्पना सुचली. १९९४ मध्ये क्यूआर कोड आला. त्यात ७,०८९ आकडे मावतात. कोपऱ्यांतले तीन चौकोन यंत्राला "मी इथे आहे" असं सांगतात. त्यांतल्या काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण १:१:३:१:१. छापील कागदांवर सहसा न सापडणारं प्रमाण हाराच्या टीमने शोधून काढलं होतं. शिवाय रीड आणि सॉलोमन यांच्या १९६० च्या गणितामुळे कोडचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. डेन्सोने पेटंट असूनही हक्क बजावला नाही, म्हणून तो जगभर पसरला.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांसाठी ती कल्पना उचलली आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

पण या प्रवासात एक गोष्ट गुपचूप बदलली. हाराच्या कोडमध्ये माहिती स्वतः बसलेली होती. आपल्या कोडमध्ये बहुतेकदा फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावरचं दार उघडं ठेवणं दुसऱ्याच्या हातात!

मी नेमका इथेच फसलो. कोड एका फुकट वेबसाइटवरून बनवला होता. त्या चौकोनात माझ्या फॉर्मचा पत्ता नव्हताच. त्या वेबसाइटचा होता, आणि तिथून पुढे फॉर्मकडे. मुदत संपली आणि पेरणीनंतरच्या नेमक्या त्याच आठवड्यात स्कॅन केलं की इंग्रजीत 'पैसे भरा' असं पान येऊ लागलं. दुबार पेरणीचं काही दिवसांतच ठरवावं लागतं हो. एक आजोबा नातवाचा मोबाइल घेऊन दुकानात आले.

"शेठ, आमची तक्रार नको म्हणून बंद केलं का हे?"

काकांनी मला फोन लावला. "काय दाखवायलंय रे हे? लोकं मला चोर समजायलेत." मग न बोलता वही काढली. वीस वर्षांचा विश्वास माझ्या एका फुकटच्या कोडने चार दिवसांत पणाला लावला होता. आणि ज्यांच्याकडे बटणाचा फोन, त्यांचं काय, हे तर मी विचारातच घेतलं नव्हतं. रीड-सॉलोमनचं गणित फाटका कागद सांभाळून घेतं, सुटलेला माणूस नाही.

पुढच्या हंगामात फॉर्मचा थेट पत्ताच कोडमध्ये घातला. छापण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर स्कॅन करून, उघडलेला पत्ता वाचून पाहिला. (हे तुम्हीही कराच.) खाली मोठ्या आकड्यांत दुकानाचा फोन नंबर.

आणि वही? ती गल्ल्याशेजारीच आहे. आता फॉर्मवर आलेल्या तक्रारीही काका रोज रात्री तिच्यात उतरवून घेतात. मी काही बोलत नाही. :)