तळटीप : ‘ऐन वेळी काडतूस अडले’

‘ऐन वेळी काडतूस अडले’ : प्रसंग पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातील, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीचा, जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असतानाचा. लष्करी .३०३ काडतूस खाजगी इसमास वर्ज्य असल्यामुळे परवानेदारांत इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल रूढ झाली. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे राहिली, तर बोल्ट पुढे सरकताना दोन्ही एकमेकांत गुंतून मध्येच रुततात. लेखक दोष दारूस देतो, तो अस्थानी. दारूचा संबंध बार उडण्याशी, काडतूस चढण्याशी नव्हे. प्रत्येक वरची कड खालचीच्या पुढे ठेवून भरणे हाच इलाज. त्याउपरही अडथळा राहिल्यास, नळीचे तोंड निर्धोक दिशेस ठेवून व शस्त्र पूर्ण रिकामे करून, मॅगझीनच्या तोंडाचे पत्रे वाकले आहेत काय, स्प्रिंग मंदावली आहे काय, आणि कोकणच्या दमट हवेत काडतुसाच्या पितळेवर हिरवट गंज चढला आहे काय, हे पाहावे. बोल्टावर जोर करणे मात्र, शिकाऱ्यांचा तो आवडता उपाय असला तरी, सर्वथा त्याज्य. — संपादक