शत्रूंच्या घरची मुलं, एकच प्रश्नपत्रिका

१९६८ च्या जूनमध्ये प्रागला अठरा शाळकरी मुलं रसायनशास्त्राचा पेपर द्यायला जमली. झेकोस्लोव्हाकिया यजमान, पोलंड आणि हंगेरी पाहुणे, प्रत्येकाची सहा मुलं. आमंत्रणं रुमानिया सोडून सगळ्या समाजवादी देशांना गेली होती; पण मे महिन्यात प्राग आणि मॉस्को यांचं इतकं बिनसलं की बाकीचे आलेच नाहीत. १८ ते २१ जून अशी स्पर्धा पार पडली. दोन महिन्यांनी, २० ऑगस्टच्या रात्री, वॉर्सा कराराच्या फौजा झेकोस्लोव्हाकियात घुसल्या. त्यांत सोव्हिएत रणगाड्यांच्या जोडीला पोलंडचं आणि हंगेरीचंही सैन्य होतं. जूनमध्ये ज्या दोन देशांनी मुलं पाठवली, त्यांनीच ऑगस्टमध्ये सैनिक पाठवले.

प्रागला सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड तिथेच संपलं असतं, तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण १९६९ मध्ये ते पोलंडमधल्या कातोवित्से शहरात पुन्हा भरलं. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं ऑलिंपियाड झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात झालं आणि तिथे सोव्हिएत संघाची मुलंही आली. देशात परके रणगाडे येऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्या देशातल्या शिक्षकांनी सोव्हिएत मुलांच्या पुढ्यात प्रश्नपत्रिका ठेवली, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांना गुण दिले. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. ऑलिंपियाडच्या मुलांशी माझा संबंध आला तो मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शिबिरांमुळे. लोक पदकं किती मिळाली ते विचारतात. मला ब्रनोच्या त्या अनाम परीक्षकांचं मोल पदकांहून जास्त वाटतं.

या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सुरुवात साम्यवादी देशांतच झाली. देशापुरत्या गणिताच्या स्पर्धा त्याआधीच्या: हंगेरीत १८९४ पासून होत्या, लेनिनग्राडमध्ये १९३४ पासून. १९५९ मध्ये रुमानियाने सात देशांची मुलं बोलावून पहिलं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरवलं. भौतिकशास्त्राचं पहिलं १९६७ मध्ये वॉर्सात, पाच देशांचं. पैशाचा व्यवहार साधा ठेवला होता: प्रवासाचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं, राहण्याजेवणाचा भार यजमानाने उचलायचा, आणि यजमानपणाची पाळी फिरत राहायची. परकीय चलनाचा दुष्काळ असलेल्या देशांना हेच परवडणारं होतं.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळचं वाटतं ते १९७४ चं एरफुर्ट. पूर्व जर्मनीतल्या या गावात त्या जुलैमध्ये गणित ऑलिंपियाडला अठरा देश आले, आणि त्यांत दोन नवखे संघ होते. एक अमेरिकेचा. नुरा टर्नर नावाच्या प्राध्यापिकेने अमेरिकेने यात उतरावं म्हणून पाठपुरावा केला होता, आणि सोव्हिएत मुलांपुढे आपली नाचक्की होईल या धास्तीने तिथले बरेच जण मागे ओढत होते. दुसरा नवखा संघ उत्तर व्हिएतनामचा. युद्धबंदीचा पॅरिसचा करार दीड वर्षापूर्वी झाला असला तरी व्हिएतनाममधली लढाई थांबलेली नव्हती. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडायला अजून नऊ महिने होते. हनोईवर १९७२ च्या डिसेंबरात अमेरिकी बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा ही व्हिएतनामी मुलं शाळेत शिकत होती. आता ती आणि अमेरिकी मुलं एकाच प्रश्नपत्रिकेवर वाकून बसली होती. अमेरिकेचा संघ सोव्हिएत संघाच्या पाठोपाठ दुसरा आला. व्हिएतनामच्या पाच मुलांपैकी एकाने सुवर्णपदक मिळवलं. दोन्ही सरकारांमध्ये राजनैतिक संबंध जुळायला १९९५ साल उजाडलं. मुलं एकवीस वर्षं आधी भेटली होती.

हे साधतं कसं, तर परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या बैठकीमुळे. मुलांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना वेगवेगळ्या ठिकाणी उतरवतात, मुलांचे फोन काढून घेतात. मग विज्ञानाच्या ऑलिंपियाडमध्ये यजमान देश आपली प्रश्नपत्रिका सगळ्या देशांच्या मार्गदर्शकांपुढे ठेवतो. एखादं गृहीतक धूसर आहे, एखादी आकृती फसवी आहे, अशा हरकती निघतात. वाद होतात, हात वर करून मतं पडतात. मजकूर ठरला की प्रत्येक जण तो आपल्या मुलांच्या भाषेत उतरवायला बसतो, आणि कित्येकदा पहाट होते. पेपर तपासून झाले की ‘मॉडरेशन’. मार्गदर्शकाने आपल्या मुलाची उत्तरपत्रिका स्वतः तपासलेली असते. यजमानांच्या परीक्षकांनीही तपासलेली असते. दोघे समोरासमोर बसून अर्ध्या-पाव गुणासाठी युक्तिवाद करतात. तिथे देशाचा दरारा चालत नाही; मुलाने कागदावर काय लिहिलंय ते दाखवावं लागतं. मला विज्ञानाची मुत्सद्देगिरी म्हणजे नेमकी हीच वाटते, आणि ती शाळाकॉलेजातले मास्तर करतात.

आपण यात उशिरा आलो. गणितात १९८९, भौतिकशास्त्रात १९९८, रसायनात १९९९, जीवशास्त्रात २०००. मानखुर्दच्या ज्या केंद्राकडे विज्ञानाच्या ऑलिंपियाडची धुरा आली, त्याचा जन्म १९७४ चा. वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. केंद्राची सुरुवातीची कामं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या आसपासच्या शाळांतली आणि मुंबई महापालिकेच्या शाळांतली होती: मराठी माध्यमातल्या गरीब घरच्या मुलांना विज्ञान कुठे अडतं, पुस्तकाची भाषा त्यांना कुठे अडवते, ते शोधायचं. त्याच संस्थेने पुढे जगाला घरी बोलावलं. २००१ मध्ये रसायन, २००८ मध्ये जीवशास्त्र, २०१५ मध्ये भौतिकशास्त्र.

२०१५ ची प्रश्नपत्रिका मी अजूनही विद्यार्थ्यांना दाखवते. एक प्रश्न सूर्याकडून येणाऱ्या कणांवर, एक अणुभट्टीच्या रचनेवर. अणुभट्टीवरचा प्रश्न ऐंशीहून अधिक देशांच्या मुलांपुढे ठेवायचा, आणि तो मुंबईत, जिथे शेजारीच तुर्भ्याला १९५६ पासून अणुभट्टी आहे, याला मी धैर्य म्हणते. ज्या विषयावर सरकारं कुलपं लावतात, त्याचं मूळ भौतिकशास्त्र सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी उघडपणे सोडवलं. प्रयोगाच्या पेपरात लेसरचा झोत मळसूत्री स्प्रिंगवर पाडून विवर्तनाची नक्षी मोजायची होती; रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या डीएनएच्या क्ष-किरण चित्रात फुलीसारखी नक्षी का उमटली, ते त्यातून मुलांना उमगत होतं. पावणेचारशेहून अधिक मुलांना साहित्य तंतोतंत सारखं मिळायला हवं, नाहीतर स्पर्धा खोटी. एकेक संच जुळवून, तपासून ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसांची नावं कोणत्याच पदकयादीत येत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. ही स्पर्धा अधिकृतपणे देशांची नाहीच. गुण मुलाला, पदक मुलाला. देशांची क्रमवारी वर्तमानपत्रं लावतात. या नियमाचा खरा कस लागला २०२२ मध्ये. भौतिकशास्त्राचं ऑलिंपियाड त्या वर्षी बेलारूसला व्हायचं होतं. बेलारूसच्या साथीने रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ते तिथून काढून घेतलं, आणि स्वित्झर्लंडने ते ऑनलाइन घेतलं. रशियन मुलांनी देशाच्या नावाविना, व्यक्ती म्हणून, पेपर दिला. गणितातही तेच झालं. त्यांना पूर्ण वगळा अशी मागणी होती, आणि तिच्यामागचं युक्रेनचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. तरी मुलाची खुर्ची ठेवली आणि झेंडा काढला, हे मला बरोबर वाटतं. युद्ध पुकारताना त्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं.

भौतिकशास्त्र ऑलिंपियाडचे वर्षानुवर्षं अध्यक्ष राहिलेले पोलंडचे वाल्डेमार गोर्झकोव्स्की २००७ च्या जुलैमध्ये स्पर्धा चालू असतानाच वारले. ती स्पर्धा इराणमध्ये, इस्फहानला होती. सतरा वर्षांनी, २०२४ मध्ये, ऑलिंपियाड पुन्हा इस्फहानला गेलं. पश्चिम आशियात तणाव होता आणि अनेक देशांनी संघ पाठवले नाहीत. आपण पाठवला. पोर तिकडे जाणार म्हटल्यावर घरच्यांचा जीव टांगणीला लागला असणार, हे मी शिक्षक म्हणून जाणते. पण आपण गेलो नसतो, तर इराणी परीक्षकांसमोर उत्तरपत्रिका घेऊन बसणारा आणखी एक माणूस कमी झाला असता, आणि आपली पाच मुलं त्या आठवड्यात तिथल्या मुलांना भेटलीच नसती.