पाळणाघर कायद्यात, पोर उसाच्या बांधावर

मंडळी, पाळणाघर म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईच्या नोकरदार बायका आठवतात. पण कामावरच्या बाईचं पोर सांभाळायचा खर्च सरकारनं उचलायचा, ही गोष्ट आपल्याकडं आली ती माती वाहणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या बायकांमुळं. आणि तिचं मूळ आपल्या शेजारीच आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होतं, पण ती जबाबदारी मालकाची. ५० पेक्षा जास्त बायका कामाला असल्या तरच. १९७६ साली हा आकडा ३० वर आणला. म्हणजे ३० बायका असल्या, तर मालक मोकळा होता!

सरकारनं स्वतः खर्च उचलण्याची वाट रोजगार हमीनं दाखवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि पोरांसाठी पाळणाघर, अशा सोयी या योजनेत धरल्या गेल्या.

पुढं २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं हिशेब अगदी सोपा केला. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असतील, तर एका बाईला ती सांभाळायला बसवायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पोर सांभाळणं हेही काम आहे, हे सरकारनं इथं मजुरी देऊन मान्य केलं.

मग अंगणवाडी आहे की, असं कुणी म्हणेल. २ ऑक्टोबर १९७५ ला ती योजना सुरू झाली, तिचे उपकार मोठे आहेत. पण तिथं बसतात तीन ते सहा वर्षांची पोरं, तीही थोडे तास. तीन वर्षांखालच्याला घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणारं माणूस मिळत नाही.

आता आपल्या कराड-वाळवा पट्ट्यातला हंगाम बघा. बीडकडनं कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल मुकादमाकडनं घेतलेली, त्यामुळं कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नाही आणि कायद्यातलं पाळणाघरही नाही. ऊसतोड हे रोजगार हमीचं काम नाही, म्हणून तीही सोय नाही. महामंडळाची वसतिगृहं शाळकरी पोरांसाठी. वर्षाचं तान्हं राहतं फडाच्या कडेला, आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे एकाला सांभाळायला दुसरीची शाळा जाते.

२०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या पोरांसाठी. नवा कायदा मागायची गरज नाही. हंगामाआधी ग्रामसभेत ठराव घ्या आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाकडं लेखी मागणी करा, की टोळ्या उतरतात त्या गावात हे पाळणाघर द्या.

तुमच्या गावच्या अंगणवाडीत असं काही सुरू झालंय का? गावाचं नाव टाकून कळवा. यादी करू आणि विचारू.