दूध पाजायची सुट्टी: गिरणीपासून उसाच्या फडापर्यंत



ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. १९९२ पासून ही पद्धत आहे. त्या निमित्ताने यंदा काही लिहावं असं मनात होतं. एका मैत्रिणीला सांगितलं तर ती हसली, "बाळाला अंगावर पाजायचं, त्यात इतिहास तो काय?" मी म्हटलं, दुधाला इतिहास नसेल, पण पाजायला जो वेळ लागतो त्याला आहे. तो वेळ कोणत्या बाईला मिळाला, कोणी दिला आणि कोणाला अजून मिळालेला नाही, हे आज बघू.

सुरुवात आपल्याच आगमांपासून करते. ज्ञाताधर्मकथेत राजगृहीच्या श्रेणिक राजाचा आणि धारिणी राणीचा मुलगा मेघकुमार याची कथा आहे. चातुर्मासात व्याख्यानात ती आपण ऐकतोच. त्याला वाढवायला पाच धात्री होत्या. दूध पाजणारी क्षीरधात्री, आंघोळ घालणारी मज्जनधात्री, नटवणारी मंडनधात्री, खेळवणारी क्रीडनधात्री आणि मांडीवर घेणारी अंकधात्री. गोष्ट राजवाड्यातली, तेव्हा पाजायलाही दाई होती. ते सोडून द्या. पण हिशेब बघा. बाळाच्या पाच कामांपैकी पाजणं हे एक काम. बाकीची चार कोणी उचलली, तर पाजणारीला उसंत मिळते. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

आपल्या घरांत ही चार कामं सव्वा महिना आई, आजी, सासूबाई, मालिशवाली बाई करायच्या. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा. आपल्यात लसूण नाही, तरी कोणाचं काही अडलं नाही. सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. पहिलं पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. गाईचा चीक आला की शेजारीपाजारी वाटून खरवस करायचा आणि आईचा मात्र 'जड पडेल' म्हणून पिळून टाकून द्यायचा, ही रीत कित्येक घरांत होती. त्याच चिकात बाळाला रोगांपासून वाचवणारी द्रव्यं सर्वांत जास्त असतात. आपल्यात मध वर्ज्य, त्यामुळे मध चाटवणं टळलं. पण गुळाचं पाणी आणि घुटी व्हायचीच. आज डॉक्टर सांगतात ते सरळ आहे: जन्मल्यावर तासाभरात छातीशी, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त.

आता कामावर जाणाऱ्या बाईकडे येऊ. महाराष्ट्रात तिचं नाव घ्यायचं तर हिरकणीचं घ्यावं लागेल. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे आणि घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असं सांगतात. आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो. मला मात्र दुसरंही दिसतं. कामाच्या जागेचे नियम बाळाच्या भुकेला जुळत नाहीत आणि दोन्हींतली दरी आईने जीव धोक्यात घालून पार करायची. पुढच्या काळातल्या आयांना कडा नव्हता, गिरणीचा भोंगा होता.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये कोकणातून, देशावरून आलेल्या हजारो बायका होत्या. १८९१ च्या कायद्याने बाईचा दिवस ११ तासांचा ठरला. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे ११ तासांत चार-पाच वेळा तरी त्याची भूक चुकणार. मग रडणाऱ्या बाळाचं काय करायचं? 'बाळगोळी' द्यायची. नाव किती गोड, पण आत अफू. बाळ झोपून राहायचं, त्याला भूकही कळायची नाही. १९२१-२२ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं दिसलं. त्या आया निर्दयी नव्हत्या. खाडा केला तर मजुरी जायची आणि खोलीवर बाळाला सांभाळणारं कोणी नसायचं.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. आमच्या बीडला मात्र तो लागू नव्हता, कारण आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं. सुरुवातीला ५० पेक्षा जास्त बायका असतील तिथे, १९७६ पासून ३० पेक्षा जास्त असतील तिथे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायची सुट्टी दिली, तीही पगार न कापता. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. आईने दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क ठेवले आहेत. आपल्यापैकी कोणाची सून, लेक नोकरीत असेल, तर हे तिला माहीत आहे का, एकदा विचारा.

मी बी.कॉम. झालेली, दुकानाच्या वह्या लिहिण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे मला लगेच दिसतं ते हे की या कायद्याचा हक्क मिळायला आधी कुठल्यातरी हजेरीपटावर नाव असावं लागतं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या सर्वांत कष्टाच्या कामात बाईचं वेगळं नावच नसतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर बीडमधून उसतोडीला जाणाऱ्यांची संख्या फार वाढली. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत होते, त्यांना हात हवे होते. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणी, कुठल्याही तालुक्यातलं गाव घ्या. दसरा झाला की गाड्या भरतात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. इथे मजूर मोजतात ते 'कोयता' म्हणून. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या नावावर. बाई अर्धा कोयता. तिने खाडा केला तर दंड उचलीतून वळता होतो. आता सांगा, अर्ध्या कोयत्याला पाजायची सुट्टी कोण देणार?

तिचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. स्वयंपाक, मग फड. बाळ झाडाखालच्या झोळीत किंवा गाडीच्या सावलीत पाचटावर, राखायला सात-आठ वर्षांची बहीण. म्हणजे पाच धात्रींची कामं एका शाळकरी मुलीकडे. आई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत चढवते. बाळ रडलं तर जवळ असेल तरच कळतं. बाळंतीण होऊन थोड्याच दिवसांत फडावर आलेल्या बायका या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. खाडा परवडत नाही, हेच कारण पुढे आणखी भयंकर ठिकाणी गेलं. २०१९ मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा बीडमधल्या उसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचं समोर आलं. पाळीचा त्रास, पोटाचं दुखणं आणि दूध पाजणं, बाईच्या शरीराला जो वेळ लागतो तो उचलीच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

आमचं किराणा दुकान. दसऱ्याआधी उसतोडीची कुटुंबं सहा महिन्यांचा बाजार करायची. वही लिहिताना एक गोष्ट दरवर्षी दिसायची: कडेवर तान्हं असलेल्या घराच्या यादीत तेल, मिठाबरोबर बिस्किटांचे पुडे आणि ग्राइप वॉटर. पुडे मोठ्यांच्या चहासाठी नव्हते. पाण्यात कालवून बाळाला द्यायचे, आई फडात असताना. फडावरचं पाणी कसलं, हे सांगायला नको.

शहरात वरच्या दुधाची जाहिरात होती. डब्यावर गुटगुटीत बाळ आणि तसं आपलंही व्हावं ही आईची इच्छा. त्याला उत्तर महाराष्ट्रातूनच मिळालं, याचा मला अभिमान वाटतो. १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाचा प्रसार करणारी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात बंद झाली, डब्यावरचं बाळाचं चित्रही गेलं. पुढे एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आले. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही हिरकणी कक्ष उघडला. बाई आमदार असली तरी बाळाची भूक तीच.

आता घरातलं बोलू. दुधाचं गणित 'मागणी तसा पुरवठा' हेच आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. लाडू-खिरीने आईची ताकद भरून येते, पण दूध वाढतं ते वारंवार पाजल्याने. सून कामावर जाणार असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून हाताने दूध काढायची सवय करू द्या. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते थंड हवेत चार तास आणि फ्रिजमध्ये एक दिवस चांगलं राहतं. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, गॅसवर तापवू नका. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, बाटली नको. निघताना एकदा, आल्याबरोबर एकदा आणि रात्री हवं तितकं अंगावर. आणि सासूबाईंनो, ती घरात पाऊल टाकते तेव्हा पोळ्या तुम्ही लाटा, बाळ तिच्याकडे द्या. आपण उरलेल्या चार धात्री!

फडावरच्या आईला फ्रिज नाही, उन्हात काढलेलं दूध टिकत नाही. तिथे बाळच आईजवळ हवं. त्यासाठी फार काही लागत नाही: सावली, प्यायचं स्वच्छ पाणी, टोळीतल्या एका बाईला मजुरी देऊन बाळं सांभाळायला बसवणं आणि पाजायला गेलेल्या वेळाचा खाडा न धरणं. अशक्य म्हणू नका. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मजूर बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं, पुढे ते काम मुंबई-पुण्यातही झालं. बांधकामावर जमलं ते कारखान्याच्या तळावर का जमू नये?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. दसऱ्याआधी तान्हं बाळ असलेली कोणी ओळखीची बाई निघाली असेल, तर तिला तीन गोष्टी सांगा. बाळाचं लसीकरणाचं कार्ड सोबत घे. जिथे तळ पडेल तिथल्या अंगणवाडीत बाळाचं आणि तुझं नाव सांग. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बिस्किट-पाणी नको, रात्री उठून पाज. आणि आपल्या मंडळातल्या कोणाच्या घरी साखर कारखान्याशी, मुकादमाशी व्यवहार असेल, तर त्यांच्या कानावर पाळणाघराची गोष्ट घाला. जीवदया आपण पांजरपोळापर्यंत नेली, ती फडावरच्या झोळीपर्यंतही जायला हवी.

जय जिनेंद्र.