डहाणूचा कागद वाचायला शिकूया

आजही इतिहासच, पण किल्ल्यांचा नाही. एका सरकारी कागदाचा.

२० जून १९९१. केंद्राच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. उद्योगांचे हिरवे, नारिंगी, लाल असे गट पाडले. लाल गटाला बंदी. उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर जागा. वर तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा. म्हणजे शेजारच्या तलासरीलाही त्याची झळ किंवा सावली, जे म्हणाल ते.

कागद आला, पण पाळतंय कोण? १९९४ मध्ये बिट्टू सहगल सुप्रीम कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ ला निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९८ मध्ये प्राधिकरणानं वाढवण बंदर नाकारलं. १९९९ मध्ये औष्णिक वीजकेंद्राला सांगितलं, धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवा. ती बसायला २००७ उजाडलं!

लॉच्या पुस्तकात 'आदेश दिला' एवढीच ओळ असते. आदेश आणि चिमणी यांच्यामधली ही आठ वर्षं कुठल्या धड्यात शिकवणार? ती जागेवरच कळतात.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या लॉ कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते. त्यातले दोन आठवडे इथे काढले तर? अधिसूचना आणि तिच्या दुरुस्त्या ओळीनं लावायच्या, आम्ही कोडची जुनी-नवी व्हर्जन लावतो तशा. सातबारा आणि नकाशा शेजारी ठेवायचा. माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहायचा. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, त्यामुळे पेसा कायद्याखालची ग्रामसभा प्रत्यक्ष बसून बघायची. आणि इंग्रजी आदेश पाड्यावर, बंदरावर सोप्या मराठीत समजावायचा. तिथे लोक जे प्रश्न विचारतील, तीच खरी परीक्षा.

हे आत्ताच का? ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणानं वाढवण बंदराला परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झालं. जागा तीच, उत्तरं दोन. मधल्या काळात काय बदललं? आराखडा, नियम की माणसं? तुम्ही बंदराच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत. नाहीतर आपल्या किनाऱ्याचा अर्थ दुसराच कोणीतरी लावून जाईल.