नियम रचणाऱ्यांसाठी

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणींजवळ अहिवारा वसलं आहे. या पट्ट्यात आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग हे शब्द घरातल्या माणसांसारखे वावरतात. कारखान्यात कोण कुठल्या जागेवर लागणार, हे प्रमाणपत्रावरून ठरत आलं आहे. त्यामुळे मुलगी ‘मला गेम डिझायनर व्हायचंय’ म्हणाली की आईवडील आधी विचारतात, ‘त्याची डिग्री कुठली?’ प्रश्न रास्त आहे. या विषयात शिरायचं ते तिथूनच.

गेम डिझाइनचा गाभा नियम रचण्यात आहे. चित्रं आणि प्रोग्रॅम त्यानंतर येतात. खो-खो घ्या. खेळ जुना, पण १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने तो नियमांत बांधला. आठ जण एका रांगेत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला करून पाहा: पाठलाग करणारा खांबाला वळसा घालून येईपर्यंत पळणारा दुसऱ्या बाजूला निवांत उभा राहील. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. म्हणून पावलोपावली त्याला ठरवावं लागतं, आपणच धावायचं की खो द्यायचा. सारी रंगत त्या दोन बंधनांतून येते, आणि अशी बंधनं सुचणं हीच या विद्येतली खरी कमाई.

आता पदवी. डॉक्टर-वकिलांसारखी इथे सनद लागत नाही. ‘सिमसिटी’ हा संगणकीय खेळ (१९८९) रचणाऱ्या विल राइट यांनी पदवी पुरी केली नव्हती. दुसरीकडे, ‘पोर्टल’ या खेळाचं (२००७) मूळ अमेरिकेतल्या डिजिपेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एका छोट्या खेळात आहे. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने ती अख्खी चमूच कामावर घेतली. नोकरी खेळाने मिळवून दिली; खेळ मात्र कॉलेजात भेटलेल्या सोबत्यांमुळे घडला.

माझं मत याच जागी पक्कं होतं. लहान गावातल्या मुलाला उणीव असते ती सोबत्यांची आणि आपला खेळ खेळून पाहणाऱ्यांची, म्हणून त्याला चांगलं कॉलेज मोलाचं. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधीची पदवी लागतेच. ती घेताना शिकलेलं गणित, मानसशास्त्र, साहित्य, काहीही वाया जात नाही. जमीन गहाण ठेवून महागड्या कोर्सला जायचा सल्ला मात्र मी कुणालाच देणार नाही. आधी तिथून शिकून गेलेल्यांनी केलेले खेळ खेळून पाहा.

छत्तीसगडच्या अंगणांत बिल्लस खेळतात: जमिनीवर चौकोन आखायचे, एका पायावर लंगडत ठिकरी सरकवायची. त्यातला एकच नियम बदला, शेजारच्या चार पोरांना खेळायला लावा आणि ती कुठे कंटाळली ते वहीत टिपून ठेवा. मग या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडा.